शेजारच्या सणाचे ताट

वकिलाच्या पंचांगात दोन सुट्ट्या मोठ्या. एक उन्हाळ्याची आणि दुसरी नाताळची. उन्हाळ्याची सुट्टी घरच्या लग्नकार्यांत खर्ची पडते. नाताळची सुट्टी आमच्यासारख्यांच्या वाट्यास येते ती कुलदेवतेच्या दर्शनासाठी. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेले आपले पुष्कळसे लोक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोमंतकाची वाट धरतात. कारण शाळा, कचेऱ्या व न्यायालये यांतून एकाच वेळी मोकळीक मिळते ती तेव्हाच. कवळ्यास, मंगेशीस, म्हार्दोळास अथवा रामनाथीस अभिषेकाची पावती करावयाची, अग्रशाळेत उतरावयाचे, चार दिवस देवाच्या सान्निध्यात काढावयाचे आणि नव्या इंग्रजी वर्षाच्या आरंभी पुन्हा कामावर रुजू व्हावयाचे, असा हा क्रम ठरून गेला आहे. ख्रिस्तजन्माच्या उत्सवाने मिळवून दिलेल्या सुट्टीत आपण शांतादुर्गेच्या पायांशी जातो, आणि त्यात काही विसंगत आहे असे आजवर कोणाच्या मनात आलेले नाही. सुट्टी आपण निःशंकपणे घेतो. त्याच सणाचे ताट शेजारच्या घरातून आपल्या उंबरठ्याशी आले, की मात्र मनात शंका उभी राहते. ती शंका फोल आहे असे आम्ही म्हणत नाही. तिचा नीट विचार व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

या दिवसांत बेळगावहून चोर्ला घाटाने खाली उतरणाऱ्या प्रवाशास ऋतुमान बदलल्याची खूण आधी अंगास कळते आणि मग डोळ्यांस. घाटमाथ्याची कोरडी थंडी साखळीच्या अलीकडेच विरते, हवेस ओलावा येतो, आणि पुढे घराघरांवर कागदी नक्षत्रे टांगलेली दिसू लागतात. दिवाळीचा आकाशकंदील ज्या बांबूच्या कामट्यांवर उभा राहतो त्याच कामट्यांना पाच टोके दिली की नाताळचे नक्षत्र होते. एकाच वाड्यावर एका घरी तुळशीच्या लग्नापासून उतरावयाचा राहिलेला कंदील, तर शेजारी नवे नक्षत्र, असे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. बसमध्ये शेजारच्या आसनावर बहुधा एखादा तारवटी असतो; वर्षाचे नऊ-दहा महिने दर्यावर काढून नाताळास घरी परतणारा. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यापासून बडोद्याचा मनुष्यही गाडी न बदलता मडगावास उतरू शकतो. अशा रीतीने देवळास जाणारे आणि इगर्जीस जाणारे एकाच गाडीत, एकाच रांगेत, एकाच ओढीने घराकडे निघालेले असतात. दोघांच्याही मनात आईच्या हातचे काही ना काही असतेच.

आणि मग ते ताट येते. गोमंतकातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी आठ-पंधरा दिवस चुली विश्रांती घेत नाहीत. माडाचा गूळ, तांदळाचे पीठ आणि नारळाचा रस तांब्याच्या कढईत तासन्‌तास ढवळून दोदोल होतो. हात थांबला की तळ लागतो, म्हणून घरातील बायका पाळीपाळीने ढवळीत बसतात. चण्याची डाळ आणि खोबरे यांचे दोस होते. पिठाच्या लहान लहान गोळ्या फणीच्या दातांवर वळून कुलकुल तळतात. बेबिंक हे सर्वांत कष्टाचे. अंड्यांचा पिवळा बलक, नारळाचा रस, साखर, मैदा आणि तूप यांचे पीठ थरावर थर घालीत वरून निखाऱ्यांची आंच देऊन भाजावयाचे. एक थर लालसर झाल्याविना दुसरा घालता येत नाही. आणि यांच्याच शेजारी ताटात असते नेवरी. तीच, जी आपण चवथीस गणपतीपुढे ठेवतो. सारण जवळजवळ तेच, कडेची नक्षीही कातण्याने तशीच कापलेली. हे ताट शेजारीपाजारी वाटण्याच्या प्रथेस तेथे ‘कोन्सुआद’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण. गोमंतकात येऊन त्यास शेजाऱ्यास द्यावयाच्या गोडशाचा अर्थ चिकटला. पोर्तुगालात घरच्या मेजापाशी थांबलेला शब्द गोमंतकात शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत गेला, ही गोष्ट आम्हांस लक्षात ठेवण्यासारखी वाटते. मंगळुराकडील ख्रिस्ती घरांत याच सुमारास वाटल्या जाणाऱ्या गोडशास ‘कुस्वार’ म्हणतात.

आता प्रश्न. न्यायालयात वादास तोंड फुटण्यापूर्वी न्यायाधीश मुद्दे काढतो, तसे ते काढून घेऊ. पहिला मुद्दा असा की, परधर्मीयांच्या सणाचे अन्न स्वीकारणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेस संमती देणे होते काय? दुसरा, आपल्या नियमामुळे ते नाकारले तर तो शेजाऱ्याचा अपमान होतो काय? आणि तिसरा, ज्याविषयी सहसा कोणी बोलत नाही तो, की हसतमुखाने स्वीकारावयाचे आणि पाठ फिरताच दुसऱ्याच्या हवाली करावयाचे, या रीतीस काय म्हणावे?

पहिल्या मुद्द्याकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास पाहावा लागतो. कारण गोमंतकात अन्न हे केवळ अन्न राहिलेले नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास तिसवाडी, बारदेस आणि साष्टी येथील देवळे मोडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हालसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. देव नदीपार गेले, काही माणसे त्यांच्यामागे गेली, काही मागे राहिली आणि बाटली. १५६० साली गोव्यात धर्मन्यायासन स्थापन झाले व मधल्या अल्प खंडासह ते १८१२ पर्यंत टिकले. त्या न्यायासनाने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात नवख्रिस्तींच्या ज्या चालींवर बंदी घातली, त्यांत हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजविणे हीही एक होती. वाचकांनी या गोष्टीवर क्षणभर थांबावे. मनुष्य कोणत्या देवास भजतो हे त्याच्या भाताच्या मिठावरून ठरवू पाहणारी सत्ता स्वयंपाकघरात डोकावत होती. आणि कोणी तरी शेजारीच तिला बातमी देत असला पाहिजे.

परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आपल्या समाजानेही स्वयंपाकघरालाच कुंपण केले. विहिरीत पाव टाकल्याने आख्खा गाव बाटल्याच्या कथा आपल्या आजी-पणजींच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. त्यांतील इतिहास किती आणि दंतकथा किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी त्या कथेत गृहीत धरलेला न्याय विचार करण्याजोगा आहे. ज्याने अजाणता पाणी प्याले तो दोषी ठरला, आणि त्यास दोषी ठरविणारे त्याचेच आप्त होते. फौजदारी कायद्यात सामान्यतः गुन्ह्यास दुष्ट हेतू लागतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास शिकविले जाते. आपल्या धर्मशास्त्रालाही हे ठाऊक नव्हते असे नाही. बळाने भ्रष्ट केल्या गेलेल्या लोकांस परत घेण्याची प्रायश्चित्ते देवलस्मृतीत सांगितली आहेत. शास्त्राने दार उघडे ठेवले होते, भावकीने ते लावून घेतले. एका बाजूने मिठावरून माणूस पकडला, दुसऱ्या बाजूने पावावरून सोडला. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या कुळांतीलच कोणी आज आपल्या दारी ताट घेऊन येते, एवढे स्मरण ठेवले म्हणजे त्या ताटाचे वजन कळते.

आता संमतीचा मुद्दा. ख्रिस्ती धर्मात ज्या अन्नास उपासनेचे अंग म्हणतात ते वेदीवरचे. आणि ते त्यांची इगर्जी स्वधर्मीयांखेरीज इतरांस देतच नाही. जसा आपल्या देवळात गाभारा, तशी ती त्यांची मर्यादा. कोन्सुआदीचे ताट त्या मर्यादेच्या बाहेरचे आहे. ते घरच्या चुलीवर होते, घरच्या बाईच्या हातून होते आणि दारच्या सोप्यावर दिले जाते. ज्याने ते दिले त्याने आपली श्रद्धा देऊ केली नाही, आपला आनंद देऊ केला. आनंदात सहभागी होण्यासाठी त्याच्या कारणाविषयी एकमत असावे लागत नाही. शेजाऱ्याच्या मुलाच्या बारशाचे पेढे आपण खातो, तेव्हा त्या मुलाच्या नावाविषयी आपले मत कोणी विचारीत नाही.

शिवाय, ज्या नैवेद्याच्या पावित्र्याची आपणांस एवढी काळजी, त्याकडेही एकदा निरखून पाहावे. सारस्वतांच्या समाराधनेत अननसाचे सासव मोठ्या मानाने वाढले जाते. मणगण्यात काजू हवेतच. आणि तोंडी लावण्यापासून फोडणीपर्यंत मिरचीविना पान हलत नाही. अननस, काजू आणि मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्याच व्यापाराने ती आपल्या किनाऱ्यास लागली. ज्या सत्तेने मंगेशाचे देऊळ मोडले, तिच्याच गलबतांनी आणलेले फळ आज मंगेशाच्या भक्तांच्या पानात आहे. कोणी म्हणेल, हा दैवाचा उपहास आहे. आम्हांस त्यात वेगळेच दिसते. अन्न ज्या हातांतून आले त्यांचे पाप आपल्याबरोबर वाहून आणीत नाही. चार पिढ्या अंगणात वाढले, की ते त्या अंगणाचे होते.

तेव्हा पहिल्या मुद्द्याचे उत्तर नकारार्थी. स्वीकार म्हणजे संमती नव्हे. पण म्हणून स्वीकार हे कर्तव्य ठरते काय? येथे दुसरा मुद्दा येतो, आणि तो अधिक नाजूक आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वात या प्रश्नाचा एक मार्मिक निवाडा आला आहे. शिष्टाईस आलेल्या श्रीकृष्णास दुर्योधनाने भोजनाचे आमंत्रण दिले, तेव्हा कृष्णाने ते नाकारले व विदुराच्या घरी जाऊन तो जेवला. नकार देताना त्याने जो आधार सांगितला त्याचा आशय असा की, परक्याचे अन्न दोनच कारणांनी खावे. एक तर प्रीती असावी, नाही तर आपत्ती. दुर्योधनापाशी प्रीती नव्हती, कृष्णावर आपत्ती नव्हती. म्हणून राजवाड्याचे ताट परत गेले. या निवाड्यात आम्हांस दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, आमंत्रण नाकारण्याचा अधिकार कृष्णाने स्वतःकडे ठेवला आणि तो बजावताना कारण तोंडावर सांगितले. दुसरी ही की, स्वीकाराची कसोटी त्याने जेवणाच्या वैभवावर लावली नाही, जेवू घालणाऱ्याच्या भावावर लावली.

आपत्तीचे उदाहरण छांदोग्य उपनिषदात आहे. दुष्काळात सापडलेल्या उषस्ती चाक्रायणाने माहुताचे उष्टे उडीद मागून खाल्ले. पण माहुताने पाणी देऊ केले तेव्हा ते घेतले नाही. उडीद न खाता तर आपण जगलो नसतो, पाणी मात्र इतरत्र मिळेल, असा त्याचा युक्तिवाद. नियम कोठवर वाकवावा आणि कोठे धरावा, हे ज्याचे त्याने जागेपणी ठरवावयाचे असते, हे या कथेइतके थोडक्यात अन्यत्र क्वचितच सांगितले गेले असेल. माहुतास उषस्ती तुच्छ लेखीत नाही. तो आपला नियम मोजून पाहतो आहे.

येथेच नियम आणि तिरस्कार यांच्यातील भेद स्पष्ट होतो. नियम हा मनुष्य स्वतःवर घालून घेतो. त्याचा भार त्याच्या स्वतःच्या जिभेवर पडतो. तिरस्कार हा दुसऱ्यावर टाकला जातो; त्याचा भार दुसऱ्याच्या मानावर पडतो. अंडे न खाणारा मनुष्य बेबिंक नाकारतो तेव्हा त्याने बेबिंक करणारीविषयी काहीही म्हटलेले नसते. मात्र तोच मनुष्य ‘त्यांच्या हातचे’ असे म्हणून नारळसुद्धा नाकारू लागला, की नियमाची हद्द संपली आणि दुसरेच काही सुरू झाले असे समजावे. अन्नाची निंदा न करणे हे तैत्तिरीय उपनिषदाने व्रत म्हणून सांगितले आहे; ज्यास न खाण्याचे व्रत आहे, त्यानेही हे न निंदण्याचे व्रत पाळावयाचे असते. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात. अपमान नकारात नसतो, तो नकार देण्याच्या रीतीत असतो.

उरला तिसरा मुद्दा, आणि आमच्या मते खरा नैतिक पेच तोच आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२वे कलम दानाची व्याख्या करते. दान स्वेच्छेने, मोबदल्याविना दिलेले असावे, आणि ज्यास दिले त्याने अथवा त्याच्या वतीने ते स्वीकारलेले असावे. तेही दाता हयात असताना. स्वीकाराविना दान पुरे होत नाही. कायद्याची दृष्टी येथेच थांबते. हातात घेतले, की त्याच्या लेखी व्यवहार पुरा झाला. पुढे त्या वस्तूचे काय केले याची तो चौकशी करीत नाही. नीतीची चौकशी मात्र तेथूनच सुरू होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, सत्कार न करता व अवज्ञेने दिलेल्या दानास तामस म्हटले आहे. मग अवज्ञेने घेतलेल्या दानास काय म्हणावे? त्याविषयी त्या श्लोकात काही सांगितलेले नाही. ते उत्तर आपणच शोधावयाचे आहे.

आमच्या आप्तांपैकी एक घर फोंडे महालात आहे. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब; तीन पिढ्यांचा शेजार. दर नाताळास ताट येई, घरातील वडील मंडळी सोप्यावर ते कौतुकाने घेत, चार गोड शब्द बोलत, आणि दुपारी ते जसेच्या तसे कुळागरात कामास येणाऱ्यांच्या मुलांस वाटले जाई. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. घरच्या गृहिणी सोवळ्याच्या. त्यांस ते खाणे शक्य नव्हते, आणि ‘नको’ म्हणणे असभ्य वाटे. म्हणून सभ्यपणाने खोटे बोलण्याची ही रीत पडली आणि चालू राहिली. पुढे त्या घरात इंदुरास वाढलेली सून आली. तिला ही रीत कोणी सांगितली नव्हती. पहिल्याच नाताळास ताट आले तेव्हा दारात तीच होती. आम्ही त्या सुट्टीत तेथे उतरलो होतो, म्हणून हे कानांनी ऐकले. तिने सरळ विचारले, “मावशी, यांतल्या कशाकशात अंडे असते? आमच्याकडे चालत नाही, म्हणून विचारते.” आत बसलेल्यांचे चेहरे पडले. इतक्या वर्षांत जे शब्द कोणी उच्चारले नव्हते ते सुनेने दारातच उच्चारले होते.

म्हातारी शेजारीण खाली बसली. तिने बेबिंकेची वडी आणि बोलिन्या उचलून पदराआड ठेविल्या व म्हणाली, “दोदोल आनी नेवऱ्यो तुमकां, बेबिंक आमकां.” तिला राग आला नव्हता, उलट काही तरी सुटल्यासारखे तिच्या चेहऱ्यावर दिसले. बोलता बोलता तिने असेही सांगितले, की ताट कोठे जाते ते तिला पहिल्यापासून ठाऊक होते. “म्हाका खबर आशिल्लें. पूण वाट मोडूंक फावना म्हूण धाडटालीं.” माहीत होते, पण वाट मोडू नये म्हणून पाठवीत राहिले, असा त्याचा अर्थ.

या एका वाक्याने प्रकरणाचा निकाल लागतो, असे आम्हांस वाटते. आपण फसविले असे ज्यांना वाटत होते, ते फसवीत नव्हते. पलीकडची बाई जाणून देत होती. तिने आपल्या दानावरची अवज्ञा इतकी वर्षे पोटात घातली आणि दोन घरांमधील पायवाट मात्र गवताखाली जाऊ दिली नाही. आणि इकडे, जे घर तिला दुखवू नये म्हणून खोटे हसत होते, ते तिला दरवर्षी दुखवीत होते. सुनेचा सरळ प्रश्न असभ्य वाटला. पण त्यानेच त्या दानास प्रथम खरा स्वीकार मिळाला. विचारणे हा आदराचाच एक प्रकार आहे. ज्यास आपण विचारतो, त्याच्यापाशी उत्तर देण्याइतका मोठेपणा आहे असे आपण मानलेले असते.

त्या घरच्या सासूबाई आजही शिजविलेले काही घेत नाहीत. परंतु आता त्या स्वतः पुढे येऊन तसे सांगतात, आणि शेजारीण त्यांच्यासाठी वेगळा नारळ व केळ्यांचा फणा घेऊन येते. दोदोल व नेवऱ्या मुले आणि सून खातात. एकाच घरात दोन नियम नांदतात आणि दोन्ही उघड्यावर आहेत. यात सासूचे सोवळे मोडले नाही, की शेजारणीचा मान उणा झाला नाही.

येथे एका विरुद्ध टोकाचाही विचार करणे अवश्य आहे. आजकाल काही मंडळी असे म्हणतात, की हे सारे सूक्ष्म भेद कशास? सर्वांनी सर्वांचे सर्व काही खावे, म्हणजे एकोपा होईल. डिसेंबरात गोमंतकात उतरणारा प्रवाशांचा लोंढा हेच करीत असतो. किनाऱ्यावर खातो, पितो, आणि परतताना दुकानातील बेबिंकेची पेटी विकत घेऊन जातो. यात वाईट काही नाही. पैसे दिले, माल घेतला, व्यवहार चोख झाला. पण त्यास सहिष्णुता म्हणू नये. ज्यास कसलाच नियम नाही त्याला स्वीकारताना काहीच ओलांडावे लागत नाही, आणि ज्याने विकत घेतले त्याच्यावर कोणाचे ऋण राहत नाही. पेटीतील बेबिंक आणि शेजारणीच्या ताटातील दोदोल यांत चवीचा भेद नसेलही. परंतु पेटीने दुकानदाराची नि गिऱ्हाइकाची वाट तयार होत नाही. शेजार हा ऋणानेच टिकतो. आपण त्यांचे थोडे देणे लागतो, ते आपले थोडे देणे लागतात, आणि हा हिशेब कधी पुरा होत नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

म्हणून देणाऱ्याच्या कर्तव्याकडेही पाहिले पाहिजे. दान देश, काल आणि पात्र पाहून द्यावे असे गीता सांगते. पात्र पाहणे याचा अर्थ आपण सहसा ‘योग्य मनुष्य’ असा करतो. त्याचा आणखी एक अर्थ आमच्या मनात येतो, तो असा की घेणाऱ्याचा नियम काय आहे हे देणाऱ्याने पाहावे. फोंड्याच्या त्या म्हाताऱ्या शेजारणीने पुढील वर्षी दोदोलासाठी नवी कढई काढली आणि ताटाऐवजी केळीच्या पानावर तो आणून दिला. तिने आपला सण आपल्या रीतीनेच केला. फक्त देताना दुसऱ्याच्या उंबरठ्याची उंची मोजली. आपण हे करतो काय? चवथीस नेवऱ्या आणि दिवाळीस फराळ आपण ख्रिस्ती शेजाऱ्यांस पाठवितो, हे खरे. पण शिगम्याची पुरणपोळी पोहोचते ती बहुधा त्यांच्या ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असते? त्या घरी कोणी वृद्ध मनुष्य गोडाधोडाचा त्याग करून बसला असेल, तर त्याने आपला मान राखण्यासाठी नियम मोडावा अशी आपली अपेक्षा असते काय? जी जाणीव आपण आपल्यासाठी मागतो ती दुसऱ्यास देणे, हाच न्यायाचा पहिला पाठ आहे.

गोमंतकात ही देवघेव देवाच्या दारापर्यंतही पोहोचलेली आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तास हिंदू भाविक तेल घेऊन जातात. फातर्प्याची शांतादुर्गा आपल्या मूळ गावी कुंकळ्ळीस छत्राच्या रूपाने जाते, तेव्हा तेथील ख्रिस्ती गावकरही त्या उत्सवात सहभागी होतात. हे कोणा परिषदेने ठरविलेले नाही. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर गोमंतकीय हिंदूस समान हक्क मिळाले आणि १९६१च्या १९ डिसेंबरास परकी सत्ताच गेली. पण या वाटा त्याही आधीपासून वाहत्या होत्या. त्या वर्षी मुक्तीनंतर अवघ्या सहाव्या दिवशी नाताळ आला. तेव्हापासून दोन घरांच्या मध्ये उभा राहणारा तिसरा, परका राजा उरलेला नाही. भाताच्या मिठावर पाळत ठेवणारे कोणी नाही. आता वाट राहिली अथवा मोडली, तर तिचे श्रेय वा दोष त्या दोन घरांचाच.

सारांश असा की, शेजारच्या सणाचे ताट आले तर ते घेण्यास अथवा न घेण्यास प्रत्येक घर मुखत्यार आहे. धर्माने दोन्हींस जागा ठेविली आहे. खावयाचे असेल त्याने ते आदराने खावे. खावयाचे नसेल त्याने तसे मृदू शब्दांत, कारणासह सांगावे, आणि जे घेता येईल तेवढे घ्यावे. नारळ, केळे, निदान दोन शब्द. मात्र घेतल्याचा देखावा करू नये. आपल्या आई-आजींची एक शिकवण आहे. शेजारच्या घरचे भांडे रिकामे परत करू नये, त्यात चिमूटभर का होईना, साखर घालावी. ही शिकवण भांड्यातील पदार्थ कोणी खाल्ला की नाही याची अट घालीत नाही. ज्याने खाल्ले त्यानेही साखर घालावयाची आणि ज्याने आपल्या नियमास्तव खाल्ले नाही त्यानेही. यंदाच्या सुट्टीत जे वाचक गोमंतकात उतरतील, त्यांच्या अंगणात असे एखादे ताट येईलच. त्यात काय आहे ते विचारावे, आपला नियम सांगावा, आणि ताट परत करताना साखर विसरू नये.